डावीकडचा स्पीकर

"लाइट घालवतो हं," दुकानातला अभय म्हणाला आणि बटणापाशी हात नेऊन मध्येच थांबला. आपण कुणासमोर काय बोललो, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"घालव रे," आई म्हणाली. "माझे गेले त्याक चार वर्षां झाली. तुमीच सांबाळून बसा."

बाबा खो खो हसले. अभयला हसावं की नाही ते कळेना. शेवटी मीच "घालवा हो" म्हटलं, तेव्हा त्यानं दिवे घालवले. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानाच्या पोटमाळ्यावर ही खोली होती. भिंतींना जाड कापडी गाद्या ठोकलेल्या, खाली गालिचा, समोर पडदा आणि चहूबाजूंनी उभे काळे स्पीकर. दार लोटल्याबरोबर खालच्या रस्त्यावरचा सगळा गोंगाट असा नाहीसा झाला की मी उगाचच कानात बोट घालून पाहिलं. सोफ्यावर मध्ये आई, तिच्या डाव्या हाताला बाबा आणि उजवीकडे मी. आम्ही होम थिएटर घ्यायला आलो होतो, आणि ज्या बाईसाठी घ्यायचं तिला पडदा कुठे आहे हेही दिसत नव्हतं.

माझी आई अंबिका घाडीगावकर. दादरच्या साड्यांच्या दुकानांना फॉल-बिडिंग करून देण्यात तिचा जन्म गेला. घोडपदेवच्या आमच्या खोलीत पलंगावर कायम दुसऱ्या बायकांच्या साड्या पसरलेल्या असत, आणि आम्ही भावंडं खाली. मग तिला काचबिंदू झाला. हा आजार कडेकडेनं खात येतो. आधी तिला दाराच्या चौकटी लागायला लागल्या, मग शेजारी बसलेलं माणूस दिसेना. मधला तुकडा बरेच दिवस टिकला. त्या तुकड्यातून ती फॉल लावत राहिली. पुढे तोही गेला. जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आणि आईनं ते ऐकून "बरां" म्हटलं.

बाबा पाणी खात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, पुरुषभर उंचीची चावी आत घालून फिरवायची आणि अख्ख्या गल्लीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. नळाला पाणी आलं की लोक बादल्या लावतात. ते कुणी सोडलं हे विचारायला कुणाला सवड असते? बाबांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मात्र तोंड त्यांचं भारी चालायचं. नोकरीत ऐकायला कुणी नसे, ती कसर ते घरी भरून काढत.

आईची दृष्टी गेली आणि बाबांच्या तोंडाला काम लागलं. टीव्हीवर काहीही लागो, बाबा तिच्या कानाशी बसून सांगत सुटायचे. "आता ती जिन्यात उभी आसा. जांबळी साडी. तोंडार बारा वाजलेत." आईला साडीत जास्त रस. काठ कसा आहे, पदर पिन लावलेला की मोकळा, निऱ्या नीट पडल्यात का. ज्या माणसाला उभ्या जन्मात लाल आणि मरून यातला फरक कळला नव्हता, तो माझ्या डोळ्यांदेखत "राणी कलर, पण जरा मळखाऊ" असं म्हणायला लागला. सांगताना ते हात सैल सोडत. खलनायकाला पडद्यावर दोन थपडा बसल्या तर बाबा चार देत. मारामारीत रक्त आलं तर ते सांगतच नसत. आईला हे कळत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, "तुमच्या टीव्हीत कोण मरतच नाय काय?"

होम थिएटरची कल्पना माझ्या भावाची, हितेंद्रची. तो मस्कतला असतो आणि तिथे बसून त्याला आमच्या घरातल्या गोष्टी आमच्यापेक्षा स्पष्ट दिसतात. "ताई, बाबा कुठेच जात नाहीत गं," तो फोनवर म्हणाला. "कॅरम सुटला, गुरुवारचं भजन सुटलं. दिवसभर नुसती कॉमेंटरी. चांगली सिस्टिम घेऊ. कोण कुठून येतंय, कोण कुठे गेलं, आईला आपसूक कळेल. बाबांना जरा सुट्टी." मला ते तंतोतंत पटलं. मी बाबांना सांगितलं, तेव्हा ते "चांगला आसा" एवढंच म्हणाले. दोन शब्दांवर भागवणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, पण तेव्हा मी घाईत होते.

"दोन पर्याय आहेत काका," अभयनं मघाशी खाली समजावलं होतं. पोरगा हुशार, बोलायला गोड. "हा रिसीव्हर. यात सगळं एका बॉक्समध्ये. आवाज कुठल्या स्पीकरला पाठवायचा ते हाच ठरवतो, आणि स्पीकर चालवायची ताकदही याच्यातच. दुसरा हा प्रोसेसर. हा फक्त ठरवतो. ताकद लावायला वेगळे अ‍ॅम्प्लिफायर घ्यावे लागतात."

"म्हणजे ह्यो नुसतो मुकादम," बाबा म्हणाले. "उचलूची माणसा वेगळी."

"अगदी बरोबर."

"आणि तो गरीब एकटोच मुकादम, एकटोच बिगारी." बाबांनी रिसीव्हरच्या पाठीवर हात फिरवला. मला वाटलं, त्यांना तोच आवडला.

आता अंधारात अभयनं आधी रिसीव्हर लावला. कंपनीनं दुकानांना दिलेली कसलीशी जंगलाची फीत होती. पडद्यावर झाडी आली, आणि बाबांनी सवयीनं आईच्या कानाकडे तोंड नेलं. "झाडा आसत मोठी मोठी. आता एक बाई..."

"गप रवा," आई म्हणाली.

माझ्या आठवणीत तिनं बाबांना असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. रागानं नव्हे. दाराशी कुणी आलंय की काय ते ऐकताना माणूस हात वर करतो ना, तसं. बाबा गप्प झाले.

खोलीत वाळल्या पाचोळ्यावरून कुणीतरी चालत होतं. पावलं आमच्या पाठीमागून आली, डावीकडून वळसा घालून पुढे गेली. मला पडद्यावर ती बाई दिसली ती नंतर. आईला ती आधीच कळली होती. कारण तिचं डोकं पावलांबरोबर वळत होतं, हळूहळू, एक क्षणही मागे न राहता. मग उजवीकडे कुठेतरी पाणी वाहायला लागलं. आईनं उजवा हात उचलला आणि बोटानं जागा दाखवली. तिचं बोट नेमकं त्या स्पीकरवर होतं. नंतर एक पाखरू डाव्या कोपऱ्यातून निघून उजव्या कोपऱ्यात गेलं. आईची हनुवटी त्याच्या मागे मागे गेली, आणि पाखरू गेल्यावरही तिथेच थांबली.

पडद्याच्या उजेडात मी तिचा चेहरा पाहत होते. चार वर्षांत तिचा चेहरा कायम समोर असायचा, सरळ, फोटोला बसल्यासारखा, कारण कुठे वळवला तरी सारखंच. तो आता वळत होता. त्यावर जे आलं होतं ते मी आधी फक्त एकदाच पाहिलं होतं, माझ्या मुलीला तिच्या मांडीवर पहिल्यांदा दिलं तेव्हा. अभय बटणापाशी उभा होता तो तसाच उभा राहिला. रोज चार गिऱ्हाइकांना ही फीत दाखवणारा माणूस, पण तोही पडद्याकडे न बघता आईकडे बघत होता.

फीत संपली.

"आकांक्षा," आई म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे टिपले. "माका बाजू दिसल्यो गो."

मी तिचा हात धरला. मला रडू येत होतं आणि ते लपवायचा विचारही माझ्या मनात आला नाही. काचबिंदूनं जे सगळ्यात आधी नेलं, तेच या काळ्या डब्यांनी सगळ्यात आधी परत आणून दिलं होतं. देवळात कितीदा गेले असेन, पण हात आपोआप जोडले जावेत असं मला तिथे कधी वाटलं नव्हतं. इथे वाटलं.

"आता हीच फीत प्रोसेसरवर ऐका," अभय हळू आवाजात म्हणाला. "फरक कळेल."

फरक मलासुद्धा कळला. पाचोळा मघाशी पाचोळा होता, आता पानं सुटी झाली. बाईच्या दोन पावलांच्या मधली शांतताही ऐकू येत होती. पाणी नुसतं वाहत नव्हतं, दगडावरून उतरत होतं. आईनं श्वास रोखून धरला होता. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते, वर्गात नवीन आलेल्या मुलासारखे. पाखरू गेलं तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते आईकडे पाहत होते. मग ते उठले आणि "पाणी पिऊन येतंय" म्हणून बाहेर गेले.

फीत संपल्यावर आई यंत्रांना हात लावून बघते म्हणाली. अभय तिला टेबलापाशी घेऊन गेला, तेव्हा मी बाबांना शोधायला निघाले. ते जिन्यात उभे होते. पाण्याचं पिंप दुसऱ्या टोकाला होतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"दुसरो घेऊया. मुकादमवालो. महाग आसा, तरी तोच घेऊया. बगितलंस ना तिच्या तोंडाकडे?"

"बघितलं. मग तुमचं तोंड का उतरलंय?"

"माझा खय काय." ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. कुणीतरी हातगाडीवरून टीव्हीचा खोका नेत होता. "मी सांगी ता ऐकून तिका कितीसा दिसत असात? बाई इली, बाई गेली. मी चार वर्षां सांगलंय आणि तिची मान कधी हलाक नाय. आज बग कशी फिरली." मग ते म्हणाले, "आता माका काय काम रवला?"

ते रडत नव्हते, कुरकुरतही नव्हते. नळ नीट चालू झाला की चावी काढून घ्यायची आणि पुढच्या गल्लीत जायचं, तसं ते बोलले. फक्त पुढची गल्ली नव्हती. हितेंद्र आणि मी ज्याला सुट्टी म्हणत होतो ती बाबांना काय वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मग नको घेऊ या." तर ते माझ्यावरच उखडले.

"वेडी काय गो तू? तिका दिसता आणि मी नको म्हणू? घेवचाच."

आम्ही आत आलो तेव्हा आई दोन्ही यंत्रांवर हात फिरवत होती, साडीचा पोत बघावा तसा. प्रोसेसरचा दर्शनी भाग सपाट काचेचा होता. तिची बोटं या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली आणि रिकामी परत आली. रिसीव्हरला आवाजाची मोठी गोल कळ होती. ती तिच्या मुठीत बरोबर बसली. तिनं ती थोडी फिरवली आणि परत जागेवर आणली.

"ह्यो घेऊया," ती म्हणाली.

"अगे, दुसरो कितीतरी बरो आसा," बाबा म्हणाले. "मी भायेर आकांक्षाक ताच सांगत होतंय."

अभयही प्रामाणिक निघाला. "काकू, ऐकायला प्रोसेसर खरंच सरस आहे."

"आसात. पण ह्यो माझ्या हातात येता. आणि त्या दुसऱ्यात," ती शब्द शोधत थांबली, "त्या दुसऱ्यात खूपच भरलेला आसा सगळा." म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. म्हटलं, कळ आवडली असेल, स्वतः चालवता येईल. बाबांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

रविवारी अभय स्वतःच बसवायला आला. आमची चाळ पडून तिथे आता टॉवर उभा राहिलाय. सोळाव्या मजल्यावर आईबाबांना दोन खोल्या मिळाल्या आहेत. त्यानं समोर तीन स्पीकर मांडले, आणि सोफ्याच्या दोन्ही अंगांना भिंतीवर एकेक ठोकला. मग सोफ्यावर, आई बसते त्या जागी, काठीवर एक छोटा माइक उभा केला.

"हे समजा काकूंचे कान," तो म्हणाला. "आता मशीन एकेका स्पीकरमधून आवाज सोडेल आणि खोली मोजेल. भिंत किती लांब आहे, खिडकीचा पडदा किती आवाज पितो, सगळं. आपण फक्त गप्प बसायचं."

आई खुर्चीत बसली, बाबा तिच्याजवळ स्टुलावर. यंत्रातून एक चमत्कारिक सूं असा आवाज निघाला, खालून वर चढत गेला. खोली आमची, आणि ते यंत्र ती चाचपून बघतंय, हे ऐकताना मी पुन्हा थक्क झाले.

"समोरचो डावो वाजलो," बाबा आईच्या कानात कुजबुजले. "आता मदलो."

यंत्र थांबलं. खोलीत आवाज जास्त आहे, असं टीव्हीच्या पडद्यावर आलं.

"काका, प्लीज," अभय म्हणाला. त्यानं पुन्हा सुरू केलं. बाबांनी तोंडावर हात ठेवला. समोरचे तीनही निर्विघ्न पार पडले. उजवीकडच्या भिंतीवरचा वाजला, तसे बाबा "आता भिंतीवरचो" म्हणालेच. यंत्र पुन्हा थांबलं. चार वर्षांची सवय ती. त्याचं त्यांना स्वतःलाच इतकं ओशाळवाणं वाटलं की ते उठून उभे राहिले.

"मी भायेर रवतंय," ते म्हणाले. "माझ्यान गप बसवायचा नाय. झाला की हाक मारा." ते पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी मागून दार ओढून घेतलं.

तिसऱ्या खेपेला सगळं सुरळीत पार पडलं. एकेक स्पीकर आपापल्या जागेवरून सूं करून गेला, पडद्यावर हिरव्या खुणा आल्या. "परफेक्ट," अभय म्हणाला. आमचं घर मोजून झालं, आणि ते होईपर्यंत बाबा घराबाहेर होते.

"झाला?" आईनं विचारलं. "हे खय?"

"बाहेर उभे आहेत," मी म्हटलं. "बोलवते."

"थांब जरा." ती उठली, हातानं सोफा चाचपत आली आणि आपल्या जागेवर बसली. मग डावा हात वर करून तिनं भिंतीवरचा स्पीकर कुठे आहे ते पाहिलं. "अभय, ह्यो डावीकडचो काढून टाक."

"काकू?"

"काढ. नको तो."

"एकटा नाही काढता येत काकू. बाजूचे दोन जोडीनंच लागतात. एक नसला तर मशीन ऐकत नाही."

"मग तेचो आवाज कमी कर."

"तो करता येईल. अगदी तळाला नेता येईल. पण मग त्या बाजूचं तुम्हाला काहीच कळणार नाही. आत्ताच तर सगळं मस्त लागलंय."

"ने तळाक."

मला राहवेना. "आई, अगं बाजू दिसल्या म्हणून रडलीस त्या दिवशी. आणि आता आपल्या हातानं एक बंद करतेस?"

"दिसल्यो," आई म्हणाली. "म्हणानच तर सांगतंय. चारय बाजूंनी भरून गेला तर माणसान बोलूचा खय?"

आपली आई आपल्याला पूर्ण माहीत आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. अभयनं रिमोट उचलला आणि डावीकडच्या स्पीकरचा आकडा एकेक पायरीनं खाली उतरवत नेला. तळाला लागल्यावर त्यानं रिमोट अलगद टेबलावर ठेवला.

मी दार उघडून बाबांना आत घेतलं. ते नेहमीच्या जागी बसले, आईच्या डाव्या हाताला, आणि गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी ओठ घट्ट मिटले. काही झालं तरी आता बोलायचं नाही, असं ठरवूनच ते आत आले होते. अभयनं एक पिक्चर लावला. आईनं स्वतः उठून कळ फिरवली आणि परत येऊन बसली.

उजवीकडे कुठल्याशा गावातला बाजार सुरू झाला. समोरून एक बैलगाडी आली. आईची मान उजवीकडे वळली, मग समोर आली. मग डावीकडे वळली आणि तिथेच थांबली. पडद्यावर काय काय होत होतं ते बाबा नुसतं बघत होते.

आईनं थोडा वेळ वाट पाहिली.

"तुमच्या बाजूक काळोख आसा," ती म्हणाली. "बोला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, अभयकडे पाहिलं, डोक्यावरच्या त्या गप्प स्पीकरकडे पाहिलं. घसा खाकरला. मग ते आईच्या कानापाशी वाकले.

"एक दार आसा," ते म्हणाले. "हिरव्या रंगाचा. अर्धा उघडा."